शेअरच्या चार्टवर काढलेल्या रेषा आणि टिपा दुसऱ्या दिवशी दिसत नाहीत. सेव्ह कशा करायच्या?

लॉगिन करून चार्टचा लेआउट (म्हणजे चार्टची पूर्ण मांडणी) नाव देऊन सेव्ह करा, रेषा-टिपा त्यातच राहतात. ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या वेबसाइटवर त्यासाठी कंट्रोल + एस; लेआउटच्या मेनूत ऑटोसेव्हही सुरू ठेवा. नुसता स्नॅपशॉट घेतलात तर ते चित्र असतं, त्यातली रेषा पुन्हा हलवता येत नाही. रेषा सिम्बॉलला, म्हणजे त्या एक्सचेंजवरच्या शेअरच्या सांकेतिक नावाला, जोडलेली असते. त्याच कंपनीचा दुसऱ्या एक्सचेंजवरचा चार्ट उघडलात की ती दिसणार नाही, म्हणून आधी सिम्बॉल तपासा. एक मात्र सांभाळा: साध्या स्केलवर (समान रुपयांना समान अंतर) काढलेली ट्रेंडलाइन, म्हणजे भावाची दिशा दाखवणारी रेषा, लॉग स्केलवर (समान टक्क्यांना समान अंतर) नेली की दोन्ही टोकं तिथेच राहतात, पण मधल्या तारखांना ती वेगळ्या किमतीवरून जाते. त्यामुळे ब्रेकआउटचा, म्हणजे भाव रेषा ओलांडून जाण्याचा, अंदाज चुकतो. टीप लिहितानाच स्केलही नोंदवा.