ऑफसेट शून्य दिसला म्हणून...

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. राउटरवर पीटीपी (नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याची पद्धत) चालू केलंस, ऑफसेट, म्हणजे मुख्य घड्याळापासूनचा फरक, ३-४ नॅनोसेकंदांवर येऊन ठेपला आणि लगेच अहवालात ‘घड्याळ जुळलं’ असं लिहून टाकलंस. घाई केलीस.

आधी मला सांग, टाइमस्टॅम्प, म्हणजे पॅकेट आल्या-गेल्याच्या वेळेचा शिक्का, नेमका कुठे पडतोय? सॉफ्टवेअरमध्ये पडत असेल, तर इंटरप्ट, ड्रायव्हर, शेड्युलर अशी सगळी नाकी ओलांडल्यावर वेळ नोंदली जाते, आणि ही नाकी दर वेळी वेगवेगळा वेळ खातात. हार्डवेअरमधला टाइमस्टॅम्प पोर्टला लागूनच, फ्रेम सुरू झाल्याची खूण जाते त्या क्षणाला पडतो. लिनक्सवर एथटूल ही आज्ञा चालवली की कार्ड काय करू शकतं ते कळतं. मोठ्या राउटरमध्ये आणखी एक गोम असते. पॅकेट एका लाइनकार्डातून (पोर्ट असलेल्या कार्डातून) आत येतं, दुसऱ्यातून बाहेर पडतं आणि दोघांचे काउंटर वेगळे. ते आपापसात जुळलेले नसतील तर पॅकेट आत किती वेळ थांबलं याचा हिशेबच खोटा ठरतो.

हा थांबण्याचा वेळ किरकोळ नसतो. १ गिगाबिटच्या पोर्टवर १५०० बाइटची एक फ्रेम बाहेर पडायला १२ मायक्रोसेकंद लागतात. सिंक पॅकेट (मुख्य घड्याळाने वेळ कळवायला पाठवलेलं) अशा एका फ्रेममागे अडकलं की तेवढं उशिरा निघालंच. वाटेतलं उपकरण ट्रान्सपरंट क्लॉक असेल तर ते हा वेळ मोजून पॅकेटातल्या करेक्शन फील्डमध्ये भरतं. बाउंडरी क्लॉक स्वतःच वरून वेळ घेतं आणि खाली नव्याने वाटतं. दोन्ही न करणारा एखादा जुना स्विच मधे असेल, तर तो आधी शोध.

आता खरा मुद्दा. पीटीपीकडे चार क्षणांची नोंद असते: सिंक निघाल्याची, पोचल्याची, डिले रिक्वेस्ट (उलट मुख्य घड्याळाकडे जाणारं पॅकेट) निघाल्याची, पोचल्याची. जाताना दिसलेल्या फरकातून येतानाचा वजा करायचा आणि निम्मा करायचा, हा ऑफसेट. म्हणजे जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो हे गृहीतच धरलंय. तसं नसेल तर त्या फरकाचा निम्मा भाग गुपचूप तुझ्या घड्याळात जाऊन बसतो आणि आलेखावर काहीही दिसत नाही.

माझ्याबाबतीत हे घडलंय. दुरुस्तीत जोडीतला एकच फायबर बदलला गेला आणि नवा ४० मीटर जास्त लांब निघाला. फायबरमध्ये प्रकाशाला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. फरक २०० नॅनोसेकंदांचा, घड्याळ १०० नॅनोसेकंदांनी चुकलेलं आणि ऑफसेट मात्र शून्याभोवती शहाण्यासारखा बसलेला. मी दोन दिवस लॉगच चाळत होतो. ५जीच्या टीडीडी (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या) केंद्रांना ±१.५ मायक्रोसेकंदांची मुभा असते म्हणून १०० किरकोळ वाटतील, पण वाटेत दहा टप्पे असतात आणि प्रत्येकाला आपला वाटा हवाच असतो. शेवटी ती चूक डिले असिमेट्रीच्या सेटिंगमध्ये भरून काढली, पण किती भरायची ते बाहेरून मोजल्यावरच कळलं.

बरं, मोजताना यूटीसीशी (जागतिक प्रमाणवेळेशी) ३७ सेकंदांचा फरक दिसला तर घाबरू नकोस. पीटीपी सहसा टीएआयवर (लीप सेकंद न धरणाऱ्या अणुघड्याळांच्या वेळेवर) चालतं आणि १ जानेवारी २०१७ पासून यूटीसी त्याच्या ३७ सेकंद मागे आहे.

तेव्हा अहवाल मागे घे. ग्रँडमास्टर (तेच मुख्य घड्याळ) आणि तुझा राउटर, दोघांचा सेकंदाला एक येणारा पल्स ऑसिलोस्कोपच्या दोन चॅनलांवर लाव आणि चढती कड पकडून मला फोटो पाठव. दोन्ही चॅनलांच्या केबल सारख्या लांबीच्या घे, नाहीतर तोच घोळ स्कोपवरही होईल.