अर्धवट सह्यांचा व्यवहार : बिटकॉइनच्या पीएसबीटीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या वॉलेटला तीनपैकी दोन सह्या लागतात. दोघांनी एकाच पीएसबीटी फाइलच्या (म्हणजे अर्धवट सह्यांचा बिटकॉइन व्यवहार ठेवणाऱ्या फाइलच्या) दोन प्रतींवर स्वतंत्र सह्या केल्या, तरी त्या बिनबोभाट एकत्र झाल्या. एकाची सही दुसऱ्याच्या सहीवर का चढत नाही?

उत्तर : कारण सह्या यादीत ठेवलेल्याच नाहीत. २०१७ साली बीआयपी १७४ या प्रस्तावातून आलेल्या या मांडणीचं खरं सौंदर्य इथेच आहे. फाइलचे पहिले पाच बाइट असतात ७० ७३ ६२ ७४ एफएफ (इथले सगळे बाइट हेक्स, म्हणजे सोळाच्या पायात लिहिलेत). पहिले चार म्हणजे पी-एस-बी-टी ही अक्षरं. पाचवा मुद्दाम असा निवडलाय की कुणी ही फाइल साधा व्यवहार समजून वाचायला गेलं, तर त्याचं सॉफ्टवेअर तिथेच अडावं. पुढे नोंदींचे गट येतात : एक अख्ख्या व्यवहाराचा, मग दर इनपुटचा (खर्च होणाऱ्या रकमेचा) एक, मग दर आउटपुटचा (पैसे जिथे जातात त्याचा) एक. प्रत्येक नोंदीत की (इथे नोंदीचं नाव, सहीची चावी नव्हे) आणि व्हॅल्यू (तिच्यातली माहिती), आणि दोन्हींच्या आधी त्यांची लांबी. कीची लांबी शून्य आली की गट संपला.

सहीच्या नोंदीत की म्हणजे ०२ हा प्रकाराचा बाइट आणि त्याला जोडून सही करणाऱ्याची पब्लिक की (सही तपासायची उघड चावी). पब्लिक की वेगळी, म्हणून नोंद वेगळी. एकत्र करणारं सॉफ्टवेअर दोन्ही प्रतींत कोरा, म्हणजे सह्यांविनाचा, व्यवहार तोच आहे ना एवढं बघतं आणि नोंदी एकत्र ओततं. सही म्हणजे काय हे त्याला कळायचीही गरज नाही. यादी असती तर क्रम कुणाचा धरायचा, इथूनच वाद सुरू झाला असता.

फक्त फायनलाइझ करायची, म्हणजे सह्या बसवून व्यवहार पक्का करायची, घाई करू नका. त्या पायरीत सुट्या सह्या, स्क्रिप्ट (खर्चाच्या अटी) आणि कीचे मार्ग (वॉलेटच्या मूळ कीपासून ही की कशी काढली ते) फाइलमधून काढून टाकले जातात. आधी एकत्र करा, मग फायनलाइझ.

प्रश्न : सेगविट प्रकारच्या बिटकॉइन व्यवहारात सहीतच रक्कम बांधलेली असते. मग हार्डवेअर वॉलेट (सही करणारं वेगळं उपकरण) मागचा, म्हणजे हे पैसे ज्यातून आले तो, अख्खा व्यवहार का मागतं? फाइल फुगते आणि क्यूआरमध्ये मावत नाही.

उत्तर : सहीत रक्कम असते खरी, पण फक्त त्याच इनपुटची. २०२० साली उघड झालेली फट नेमकी इथेच होती. समजा दोन इनपुट आहेत, ३ आणि ४ बिटकॉइनचे, आणि आउटपुट मिळून ४. बिघडलेला संगणक आधी सांगतो, 'पहिला ३, दुसरा १.००१.' पडद्यावर फी ०.००१ दिसते, तुम्ही सही करता. मग तो 'चूक झाली, पुन्हा करा' म्हणतो आणि या खेपेला सांगतो, 'पहिला ०.००१, दुसरा ४.' फी तीच दिसते, तुम्ही पुन्हा सही करता. पहिल्या खेपेतली पहिल्या इनपुटची सही खरी, दुसऱ्या खेपेतली दुसऱ्याची खरी. दोन्ही जोडल्या की ७ आत, ४ बाहेर, आणि ३ बिटकॉइन फी म्हणून गेले.

मागचा अख्खा व्यवहार हाताशी असला, की उपकरण त्याचा हॅश (मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) स्वतः काढतं, इनपुटमधल्या ३२ बाइटच्या आयडीशी ताडून बघतं आणि रक्कम त्यातूनच वाचतं. संगणकाच्या शब्दावर काहीच राहत नाही. टॅपरूट या नंतरच्या व्यवहार-प्रकारातल्या नेहमीच्या सहीत सगळ्या इनपुटच्या रकमा बांधलेल्या असतात, म्हणून तिथे हे ओझं लागत नाही. एका क्यूआरमध्ये जास्तीत जास्त २,९५३ बाइट मावतात. त्याहून मोठी फाइल हलत्या क्यूआरने किंवा मेमरी कार्डाने न्या, पण जागा वाचवायला मागचा व्यवहार गाळू नका.

प्रश्न : आम्ही बनवलेल्या फाइलवर उपकरण म्हणतं, 'ही की माझी नाही.'

उत्तर : कीच्या मार्गाची नोंद तपासा, प्रकार ०६. व्हॅल्यूत आधी मास्टर कीच्या (वॉलेटच्या मूळ कीच्या) ठशाचे, म्हणजे तिच्या छोट्या ओळखीचे, चार बाइट आणि मग मार्गातला दर आकडा चार बाइटांत, सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी. म्हणजे हार्डन्ड (सर्वांत वरचा बिट १ केलेला) ४८ हेक्समध्ये लिहायचा ३० ०० ०० ८०. बहुतेक वेळा चूक इथेच सापडते : आकडा उलटा लिहिलेला असतो, नाहीतर ठसा मास्टरऐवजी खात्याच्या कीचा घेतलेला असतो. परत तुमच्याकडेच येणाऱ्या चेंज आउटपुटलाही मार्ग द्या, तिथे प्रकार ०२ (आउटपुटच्या गटात ०२ चा अर्थ सही नव्हे, मार्ग). तो नसेल तर उपकरण ती रक्कम परक्या पत्त्यावर चालल्यासारखी दाखवतं, आणि असं वारंवार दिसलं की माणसं न वाचता 'हो' दाबायला लागतात. तेच घातक.

प्रश्न : आमची स्वतःची माहिती फाइलमध्ये घालायची आहे. कुठला प्रकार वापरू?

उत्तर : मोकळा दिसला म्हणून कुठलाही आकडा पकडू नका, उद्या तो दुसऱ्या कामाला ठरेल. खासगी वापरासाठी एफसी हा प्रकार राखून ठेवलाय. त्यापुढे तुमचं ओळखनाव आणि उपप्रकार लिहा. आणि तुमच्या सॉफ्टवेअरला इतरांच्या अनोळखी नोंदी दिसल्या तर त्या जशाच्या तशा पुढे पाठवा. त्या गाळणारं एक सॉफ्टवेअर साखळीत असलं, तरी पुढच्याचं काम अडतं.

प्रश्न : फाइल तयार झाल्यावर इनपुट वाढवता येतो का?

उत्तर : मूळ आवृत्तीत नाही, तिथे कोरा व्यवहार एका नोंदीत गोठवलेला असतो. आवृत्ती २ मध्ये, म्हणजे बीआयपी ३७० मध्ये, ती नोंदच काढली. मागच्या व्यवहाराचा आयडी, रक्कम, स्क्रिप्ट हे सगळं ज्याच्या त्याच्या गटात गेलं. इनपुट किंवा आउटपुट अजून वाढवता येतील का, हे एका बाइटमधल्या खुणा सांगतात. सगळ्या व्यवहाराला बांधणारी सही केली की सही करणाऱ्यानेच त्या खुणा उतरवायच्या. जुन्या उपकरणाकडे फाइल न्यायची असेल तर आधी ती मूळ आवृत्तीत बदलून घ्या.