पास-फेल निवडण्याआधी

अमेरिकेत मेडिकलला जायचंय ना? घाबरू नकोस, पण ऑरगॅनिक केमिस्ट्रीला घाईने ‘पास-फेल’ (ग्रेडऐवजी फक्त पास की नापास एवढाच निकाल) निवडू नकोस. २०२० च्या स्प्रिंग सेमिस्टरला कोरोनाच्या साथीमुळे अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी ही सोय दिली. मेडिकल स्कूलांचे नियम मात्र सारखे नाहीत. काहींना सक्तीच्या विषयांत ग्रेडच हवी असते. ऑनलाइन लॅबचंही तसंच. ईमेल करून विचार, लेखी उत्तर जपून ठेव.

एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा, २०२० मध्ये तात्पुरती साडेसात तासांवरून पावणेसहा तासांवर आणली, तरी अभ्यासक्रम तोच होता.

साथीत शॅडोइंग, म्हणजे डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम पाहणं, थांबलं, ते तुझ्या हातात नव्हतं. एकट्या राहणाऱ्या वृद्धांशी फोनवर बोलणं हीसुद्धा सेवाच, आणि मला ती फार मोलाची वाटते. प्राध्यापकांच्या ऑनलाइन ऑफिस अवर्सना मात्र नेमाने जा, कॅमेरा सुरू ठेवून. शिफारसपत्र त्यांच्याकडूनच घ्यायचंय. त्यांनी तुला ओळखायला हवं.