शेडवरचे पत्रे बदलायचे आहेत, जेएसएचा (जॉब सेफ्टी अ‍ॅनालिसिस, कामाचे टप्पे, त्यातले धोके आणि उपाय लिहायचा फॉर्म) तयार नमुना मिळेल का?

नमुना देणार नाही. तयार नमुन्यात ‘उंचीवरून पडणे’ आणि समोर ‘सेफ्टी बेल्ट वापरावा’ एवढंच असतं, आणि ते वाचून संताप येतो. बेल्ट कशाला अडकवायचा ते कोण लिहिणार?

हिशोब करा. लॅनयार्ड (बेल्टपासून हुकापर्यंतची दोरी) १.८ मीटर, त्यावरचा झटका शोषणारा शॉक अ‍ॅब्झॉर्बर उलगडला की आणखी १.७५, बेल्टच्या पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड, शिवाय एक मीटर राखीव. म्हणजे हुकाच्या खाली सहा मीटर मोकळे हवेत. हुक लाइफलाइनला, म्हणजे आडव्या बांधलेल्या दोराला, अडकवला तर ती ताणली जाते ते वेगळंच. पाच मीटरच्या शेडमध्ये हुक पायाजवळ पर्लिनला (पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या पट्टीला) अडकवला, तर बेल्ट घातलेला माणूसही थेट मशीनवर आदळतो. लॅनयार्ड आखूड ठेवा, नाहीतर पत्र्याखाली सेफ्टी नेट बांधा. मी नेटच्या बाजूचा आहे. बूम लिफ्ट (माणसाला पाळण्यात उचलणारं यंत्र) पोचत असेल तर पत्र्यावर चढूच नका.

जुना सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलत नाही, असंच धरून चाला. ‘बोल्टच्या रेषेवरून चाल, खाली पर्लिन आहे’ असं ठेकेदार सांगतात. पर्लिन जेमतेम पाऊलभर रुंद, त्यात वर शेवाळ. त्याहून वाईट तो फायबरचा पारदर्शक पत्रा. धूळ बसली की बाजूच्या सिमेंटच्या पत्र्यासारखाच दिसतो. चढण्याआधी शेडच्या आतून उजेड येणाऱ्या जागा मोजून नकाशावर मांडा आणि त्यांच्याभोवती कठडा किंवा वर फळ्या ठोका. क्रॉल बोर्ड (पत्र्यावर टाकून चालायची फळी) किमान तीन पर्लिनवर टेकलेला आणि वर बांधलेला हवा. तेही दोन हवेत, एकावर उभं राहून दुसरा सरकवायला. एकच दिला की माणूस पत्र्यावर पाय ठेवणारच, त्याला दोष देऊ नका.

क्रेनवरून प्रोडक्शनशी दरवेळी भांडण ठरलेलं. ‘तुमचं काम वर, आमची क्रेन खाली.’ पण क्रेनला वीज देणाऱ्या उघड्या पट्ट्या, म्हणजे बसबार, पत्र्याच्या खालीच असतात आणि पत्रा काढला की तिथे भोक पडतं. शेडच्या त्या भागातली (बे) क्रेन लॉकआउट, म्हणजे वीज तोडून कुलूपबंद, चावी काम करणाऱ्याच्या खिशात, खालची जागा दोरी लावून बंद. यात तडजोड नाही.

पत्रा ग्राइंडरने कापू नका, अ‍ॅस्बेस्टॉस उडतो. बोल्ट कापा, पत्रा ओला करून अख्खा उतरवा.

हे सगळं सिमेंटच्या पत्र्याबद्दल. कलर कोटेड पत्रा नवा असेल तर वजन पेलतो, पण त्यातही फायबरच्या पट्ट्या असतातच.

तुमच्या प्रश्नापुरतं: कामाचे सात-आठ टप्पे पुरेत, चाळीस नकोत. पत्रे वर चढवणे आणि जुने उतरवणे हे वेगळे टप्पे धरा. फॉर्म पत्रेवाल्यांसोबत शेडखाली उभं राहून भरा, वारा-पाऊस आला की काम कोण थांबवणार तेही लिहा. आणि कोणी बेल्टला लटकला, तर कोण, कोणत्या शिडीने किंवा लिफ्टने काही मिनिटांत खाली आणणार, ही ओळ रिकामी असेल तर परमिटवर (कामाच्या लेखी परवानगीवर) सही करू नका.