केनियातल्या आरोग्यकेंद्रांसाठी नवं ॲप लिहावं की डीएचआयएस२सारखी तयार प्रणाली घ्यावी?

तुमचा प्रश्न मला असा कळला: पुण्यातल्या तुमच्या छोट्या कंपनीकडे केनियातल्या एका स्वयंसेवी संस्थेनं विचारणा केली आहे. एका काउंटीतली (तिथल्या जिल्ह्यासारख्या विभागातली) साधारण ४० सरकारी आरोग्यकेंद्रं, त्यांचे मासिक आकडे आणि गरोदर मातांचा पाठपुरावा एवढं काम आहे. ॲप शून्यापासून लिहावं की डीएचआयएस२ (आरोग्यकेंद्रांचे आकडे गोळा करणारी), ओपनएमआरएस (रुग्णांच्या नोंदी ठेवणारी) यांसारख्या मुक्त (ओपन सोर्स) प्रणालीवर उभं करावं, आणि कोटेशनमध्ये नेमकं काय धरावं?

शून्यापासून लिहू नका. तयार प्रणाली फुकट मिळते म्हणून हे सांगत नाही. केनियाची राष्ट्रीय आरोग्य माहिती प्रणाली २०११पासून डीएचआयएस२वरच चालते, आणि तुमच्या या ४० केंद्रांचे आकडे आजही दर महिन्याला तिथे जातात. तुम्ही वेगळं ॲप दिलंत की त्याच परिचारिकेला तेच आकडे पुन्हा भरावे लागणार. दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत तर खरा धरला जाणार तो सरकारी. शेजारच्या युगांडानं जानेवारी २०१२मध्ये डिजिटल आरोग्याच्या नव्या प्रायोगिक प्रकल्पांना थेट स्थगिती दिली होती. देणगीदारागणिक एक ॲप आणि एकाचा दुसऱ्याशी पत्ता नाही, अशी तिथली अवस्था झाली होती.

आधी कुठलं साधन कशासाठी, ते थोडक्यात. डीएचआयएस२ची मुळं वर्णद्वेषी राजवट संपल्यानंतरच्या दक्षिण आफ्रिकेत आहेत. आता ऑस्लो विद्यापीठ ती सांभाळतं, आणि ही दुसरी आवृत्ती प्रथम वापरात आली ती आपल्या केरळात, २००६ साली. तिचं मूळ काम केंद्रनिहाय, महिनानिहाय बेरजेचे आकडे. 'ट्रॅकर' हा भाग वापरला तर एकेका व्यक्तीचा पाठपुरावाही होतो. ओपनएमआरएस म्हणजे रुग्णाचा केसपेपर. २००४च्या सुमारास सुरू झालेलं हे काम पश्चिम केनियातल्या एल्डोरेटमध्येच वाढलं, आणि केनियातली एचआयव्ही केंद्रं वापरतात ती केनियाईएमआर त्यावरच बांधलेली आहे. पूर्ण रुग्णालय चालवायचं असेल तर बाहम्नी बघा. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या रुग्णालयासाठी ती प्रथम उभी राहिली. केसपेपर, प्रयोगशाळा आणि बिलिंग तिथे एकत्र मिळतं. घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य स्वयंसेवकांसाठी केनिया सरकारनं कम्युनिटी हेल्थ टूलकिटवर आपली प्रणाली उभारली आहे. एकदाच करायचं सर्वेक्षण असेल तर ओडीके हे मोबाइलवर फॉर्म भरण्याचं साधन पुरतं.

तुमचं काम डीएचआयएस२चं आहे, पण त्याचे दोन तुकडे वेगळे ठेवा. मासिक आकड्यांसाठी नवं काहीच उभारू नका. काउंटीच्या आरोग्य नोंदी अधिकाऱ्याकडून राष्ट्रीय प्रणालीत वाचण्याची परवानगी मिळवा आणि संस्थेला हवे ते तक्ते तिथूनच काढून द्या. नवं काम फक्त गरोदर मातांच्या ट्रॅकरचं. मंत्रालयाचा किंवा काउंटीचा असा ट्रॅकर आधीच आहे का, हे करार करण्याआधी लेखी विचारून घ्या.

आता खरं कष्टाचं काम. सर्व्हर अर्ध्या दिवसात उभा राहतो. वेळ खातो तो आतला साचा: केंद्रांची उतरंड, आकड्यांची नावं, त्यांची वर्गवारी. केंद्रांची यादी संस्थेच्या एक्सेलवरून घेऊ नका. केनियात आरोग्यकेंद्रांची अधिकृत मुख्य यादी आहे, तिच्यातला प्रत्येक केंद्राचा कोड तुमच्या साच्यात गेलाच पाहिजे. नाव तेच पण उपकाउंटी वेगळी, अशी केंद्रं असतात. नावावर जुळवणी केली की एकाच्या बाळंतपणांचे आकडे दुसऱ्याच्या खाती जमा होतात, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

नंतर कागद मागवा. एमओएच (म्हणजे तिथलं आरोग्य मंत्रालय) ४०५ हे प्रसूतिपूर्व तपासणीचं रजिस्टर, ३३३ बाळंतपणाचं. यांतूनच महिनाअखेरीस ७११चा मासिक गोषवारा भरला जातो, लसीकरणाचा ७१० वेगळा. चालू आवृत्तीच्या कोऱ्या प्रती नव्हे, भरलेल्या पानांचे (नावं झाकून काढलेले) फोटो मागवा. कोणता रकाना नेहमी रिकामा राहतो आणि समासात काय लिहिलं जातं ते त्यातच दिसतं. तुमच्या फॉर्मचा क्रम रजिस्टरच्या क्रमासारखाच ठेवा. डिझायनरला तो कितीही बेंगरूळ वाटो, परिचारिकेची नजर त्याच क्रमानं फिरते.

डीएचआयएस२मध्ये वय, लिंग अशी फोड 'कॅटेगरी कॉम्बिनेशन'नं करतात. एकदा आकडे भरायला सुरुवात झाली की ही फोड बदलणं फार जिकिरीचं. जुने आकडे जुन्या फोडीला चिकटलेले राहतात आणि बेरजा तुटतात. म्हणून वयोगट पहिल्याच दिवशी सरकारी फॉर्मबरहुकूम ठेवा. 'देणगीदाराला १५ ते १९ वेगळं हवंय' हे नंतर उपटणारच आहे, ते आत्ताच विचारून घ्या.

शून्याचा घोळ स्वतंत्रपणे सांगण्यासारखा आहे. एखाद्या डेटा एलिमेंटसाठी (म्हणजे भरायच्या एकेका आकड्यासाठी) 'शून्य साठवा' हा पर्याय चालू केलेला नसेल तर भरलेला ० साठवलाच जात नाही. मग 'या महिन्यात मातामृत्यू नाही' आणि 'आकडाच आला नाही' यांत फरक उरत नाही. मृत्यू, औषधसाठा संपल्याचे दिवस, साथीचे रुग्ण यांच्यासाठी तो पर्याय चालू करा. सगळ्यांसाठी नको, कारण त्यानं डेटाबेस विनाकारण फुगतो.

टक्केवारीत छेद कुठून येतो ते बघा. केनियाची शेवटची जनगणना २०१९ची, पुढचे आकडे अंदाजाचे. काउंटीच्या पातळीवर ते चालून जातात. एका दवाखान्याच्या पातळीवर त्याच छेदानं १३० टक्के लसीकरण दिसू शकतं, कारण पलीकडच्या गावातल्या बायकाही तिथेच येतात. अशा ठिकाणी लोकसंख्येची गरज नसलेले निर्देशक वापरा. उदाहरणार्थ पेंटा (बाळांना देतात ती पाच रोगांवरची एकत्रित) लसीची गळती: पहिला डोस वजा तिसरा डोस, भागिले पहिला डोस, गुणिले १००. ही ऋण आली तर एखाद्या महिन्यात स्थलांतराचा परिणाम असू शकतो. सलग तीन महिने ऋण आली तर रजिस्टर उघडून बघायला हवं. गळती ऋण आली की इशारा देणारा नियम प्रणालीत 'व्हॅलिडेशन रूल' म्हणून घाला.

ट्रॅकरमध्ये बाई ही एक नोंद आणि प्रत्येक गरोदरपण ही वेगळी नावनोंदणी. 'एकदाच नोंदवता येईल' हा पर्याय चुकून चालू राहिला तर दुसऱ्या खेपेला परिचारिका नवीन बाई तयार करते, आणि आधीच्या सिझेरियनची माहिती हरवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या सूचनांप्रमाणे गरोदरपणात आठ भेटी अपेक्षित आहेत. म्हणून आठ टप्पे बनवू नका, पुन्हा पुन्हा भरता येणारा एकच टप्पा करा. नाहीतर चौथ्या भेटीला पहिल्यांदाच आलेली बाई कुठल्या टप्प्यात टाकायची, यावर रोज फोन येतील.

तपासणी एका केंद्रात आणि बाळंतपण दुसरीकडे, हे सर्रास होतं. म्हणून वापरकर्त्याची भरण्याची कक्षा त्याच्या केंद्रापुरती, पण शोधण्याची कक्षा निदान उपकाउंटीएवढी द्या. प्रोग्रॅमची पातळी 'संरक्षित' ठेवली तर दुसऱ्या केंद्रातली नोंद उघडताना कारण लिहावं लागतं आणि त्याची नोंद राहते. पूर्ण खुली ठेवू नका, विशेषतः एचआयव्हीचा रकाना असेल तर. शोध नावावर विसंबून ठेवू नका, स्पेलिंगं वाटेल तशी असतात आणि मोबाइल बहुतेक वेळा नवऱ्याचा असतो. तपासणी कार्डावरचा क्रमांक मुख्य धरा.

अँड्रॉइड ॲप नेटवर्कशिवाय चालतं, पण दोन गोष्टी प्रशिक्षणात ठासून सांगा. माहिती सर्व्हरवर जाण्याआधी ॲप काढून टाकलं किंवा त्याचा डेटा पुसला तर ती गेली. टॅब हळू झाला की 'पुसून पुन्हा टाक' हा सल्ला कुणीतरी देतंच. दुसरं, प्रत्येक टॅबवर सगळ्या काउंटीच्या बायका उतरवू नका. सेटिंगमध्ये त्या केंद्रापुरती मर्यादा घाला, नाहीतर स्वस्त टॅब पहिल्याच सिंकला गुडघे टेकतो.

हमखास येणारी तक्रार: 'सकाळी भरलं, डॅशबोर्डवर दिसत नाही.' तक्ते आणि आलेख वेगळ्या ॲनालिटिक्स टेबलांवर चालतात, आणि ती ठरावीक वेळी नव्यानं तयार होतात. रात्री दोनला हे काम लावा आणि डॅशबोर्डवरच लिहून टाका की आकडे कालपर्यंतचे आहेत.

सर्व्हरसाठी अधिकृत शिफारस लहान बसवणीला निदान २ जीबी रॅम, ४ कोअर आणि १०० जीबी जागा अशी आहे. मी ८ जीबीच्या खाली जाणार नाही, टेबलं बनताना २ जीबीत दम लागतो. डेटाबेस पोस्टग्रेस, सोबत नकाशांसाठी त्याची पोस्टजीआयएस ही जोड. नव्या बसवणीतलं सर्वांना ठाऊक असलेलं 'ॲडमिन' आणि 'डिस्ट्रिक्ट' हे खातं-पासवर्ड पहिल्या पाच मिनिटांत बदला. इंटरनेटवर ती जोडी तशीच ठेवलेले सर्व्हर शोधणारे बसलेलेच असतात. बॅकअपमधून ॲनालिटिक्स टेबलं वगळा, ती पुन्हा बनवता येतात आणि फाइल बरीच लहान होते. कॉन्फिगरेशनमधला निदान २४ अक्षरांचा एन्क्रिप्शन पासवर्ड मात्र डेटाबेसपासून वेगळ्या जागी जपा. तो गेला तर कूटबद्ध रकाने परत मिळत नाहीत. आवृत्ती बदलताना डेटाबेसही बदलतो आणि मागे फिरता येत नाही, म्हणून आधी प्रतीवर करून बघा. आधार फक्त शेवटच्या तीन आवृत्त्यांना मिळतो, म्हणजे देखभाल करारात आवृत्तीबदलाचे दिवस धरायलाच हवेत.

तुमच्या प्रोग्रॅमरांना कोड लिहायची हौस असेलच. मूळ कोडला हात लावायचा नाही, एवढी अट घाला. स्वतःची फांदी फोडली की पुढची प्रत्येक आवृत्ती तुमच्या गळ्यात. वेगळा पडदा हवा असेल तर रिॲक्टमध्ये ॲप लिहून ते वर बसवता येतं. बाहेरून आकडे घालताना एपीआयला आधी 'ड्राय रन' (काहीही न साठवता नुसती चाचणी) पाठवा आणि उत्तरातला 'इग्नोर्ड'चा, म्हणजे वगळलेल्या नोंदींचा, आकडा वाचा. नुसतं यशस्वी झालं असं समजून पुढे गेलात तर चुकीचा कोड असलेल्या केंद्रांचे आकडे गुपचूप गळतात.

परवान्यांत डीएचआयएस२चा बीएसडी सगळ्यात सैल. कम्युनिटी हेल्थ टूलकिटचा एजीपीएल तसा नाही. तुम्ही बदललेला कोड सर्व्हरवर चालवून लोकांना वापरायला दिला तरी तो त्यांना उपलब्ध करून द्यावा लागतो. केनियाचा डेटा संरक्षण कायदा २०१९चा आणि डिजिटल आरोग्य कायदा २०२३चा, दोन्ही तिथल्या वकिलाकडून तपासून घ्या. रुग्णांची खरी माहिती चाचणीसाठी पुण्यातल्या लॅपटॉपवर उतरवणं हा तर विचारही नको, खोट्या नावांचा संच बनवा. एफएचआयआर (आरोग्य माहितीच्या देवाणघेवाणीचं मानक) आणि स्नोमेड (वैद्यकीय संज्ञांचा कोश) यांची गरज पडली तर पुण्यातच सी-डॅकमध्ये आरोग्य नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र आहे, त्यांचं साहित्य शिकायला चांगलं आहे.

कोटेशनचं सांगायचं तर कोडवर एक चतुर्थांशापेक्षा जास्त लावू नका. उरलेलं साचा ठरवण्याच्या बैठकांवर, प्रशिक्षणावर, टॅब, डेटा पॅक आणि चार्जिंगवर, आणि काउंटीतच राहणाऱ्या एका माणसाच्या किमान दोन वर्षांच्या पगारावर जाईल. प्रशिक्षण एकदा करून भागत नाही. परिचारिकांच्या बदल्या होतात, त्यामुळे दर सहा महिन्यांनी ते पुन्हा धरा. आधी पाच-सहा केंद्रांत एक पूर्ण तिमाही चालवा, त्यांतली दोन नेटवर्क नसलेली मुद्दाम निवडा. कागदी रजिस्टर कधी बंद होणार हे काउंटीकडून लेखी घ्या. उत्तर 'कधीच नाही' असं आलं तर परिचारिकेला सगळं दोनदा भरावं लागणार, म्हणून ट्रॅकरमधले रकाने निम्मे करा. आणि सर्व्हरचा मूळ ताबा, डोमेनचं नाव, तो २४ अक्षरी पासवर्ड आणि टॅबांची यादी प्रकल्प संपताना कुणाच्या हाती जाणार, ते कराराच्या मूळ मजकुरातच घाला.