सुभेदारांना विचारा : बाप त्याच्याकडे पाहुणा कसा गेला?

सुभेदार काका, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्या आयुष्यावरचा युद्धपट आम्ही सीवूड्सला पाहिला. मी, माझा नववीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचा धाकटा भाऊ एकाहत्तरच्या लढाईतून परत आला नाही. शत्रूचे रणगाडे पेटले तेव्हा थिएटरात शिट्ट्या, घोषणा सुरू झाल्या, मुलगाही उभं राहून ओरडला. पण शेवटी खेत्रपालांचे वडील पाकिस्तानात जातात आणि ज्याच्या हातून मुलगा गेला त्याच्याच घरचा पाहुणचार घेतात, तेव्हा मागून एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "हे कशाला दाखवायचं?" आणि चार-पाच जण उठून गेले. सासूबाई नेमक्या तिथंच रडल्या. घरी येईपर्यंत त्या बोलल्या नाहीत. मुलगा मात्र आठवडाभर एकच विचारतोय, "त्याला मारणाऱ्याकडे बाबा गेलेच कसे?" काय सांगू?
— एक वाचक भगिनी, घणसोली

ताई, पहिल्यांदा मुलाला हे सांगा, की हा प्रसंग खरा आहे. ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल मूळचे सरगोध्याचे. फाळणीत ते गाव पलीकडे गेलं. 2001 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी, आपलं जुनं घर बघायला ते पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांची सगळी व्यवस्था ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर बघत होते. निघायच्या आदल्या रात्री नासेरनी सांगितलं, की 16 डिसेंबर 1971 ला बसंतर नदीवरच्या लढाईत तुमच्या मुलासमोर मी होतो, तो माझ्या हातून गेला. नासेर तेव्हा मेजर होते, पाकिस्तानच्या 13 लान्सर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये.

म्हणजे वडील गेले तेव्हा त्यांना हे ठाऊक नव्हतं. मुलाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच मिळतं.

उरलेलं निम्मं मला एका आईनं शिकवलं. त्याबद्दल मी आजवर लिहिलेलं नाही.

संसदेवर हल्ला झाला त्यानंतर, 2001 च्या डिसेंबरात, ऑपरेशन पराक्रम सुरू झालं, म्हणजे आपलं सैन्य पाकिस्तानच्या सीमेवर जाऊन उभं राहिलं. मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर्सपैकी. आमचं काम सुरुंग पेरण्याचं. दिवसरात्र सीमेवर सुरुंग पेरले. माझ्या प्लाटूनमध्ये माण तालुक्यातला एक पोरगा होता, तेवीस वर्षांचा. फेब्रुवारीत एका सकाळी सुरुंग हाताळताना स्फोट झाला आणि तो गेला. मी त्याच्यापासून तीस पावलांवर होतो.

दोन महिन्यांनी सुट्टीवर येताना त्याची काळी पेटी मीच त्याच्या घरी पोचवली. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. निघताना वरिष्ठांनी सांगितलं होतं, "घरच्यांना एवढंच सांगायचं, जागीच गेला, त्रास झाला नाही." त्यांचा हेतू चांगलाच होता. मी तेवढंच सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि पेटी उघडली. कपडे, दाढीचं सामान, आणि तिनं दिवाळीला लाडू भरून पाठवलेला स्टीलचा डबा. घासून, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला. पुढच्या सुट्टीत घरी परत न्यायला.

डबा मांडीवर घेऊन ती म्हणाली, "तू हुतास का तिथं?"

"हुतो."

"मग सांग."

मी सांगितलं, सगळं. तिनं विचारलं, त्याचं तोंड कुणीकडं होतं? हातात काय होतं? कुणाला हाक मारली का? किती वेळ होता? मी उत्तरं दिली, खरी. संपल्यावर ती म्हणाली, "आता पहिल्यापासनं सांग." त्या दुपारी मी तीन वेळा सांगितलं. ती रडली नाही. ते शब्द ती आपल्या आत भरून घेत होती, एकही सांडू नये अशा बेतानं.

ताई, घरच्यांना पदक मिळतं, तिरंगा मिळतो, गावात कमान उभी राहते. पण तो शेवटी कसा होता, काय करत होता, हे सांगणारा माणूस मिळेलच असं नाही. एकाहत्तरमध्ये तर घरी यायची ती तार. 17 डिसेंबरला शस्त्रसंधी झाली, देशभर आनंद झाला, आणि त्यानंतर खेत्रपालांच्या दारात तार आली. तारेत असतं काय? तारीख आणि दिलगिरी. त्या बापाला तीस वर्षांनी एक माणूस भेटला, ज्यानं त्यांच्या पोराला शेवटच्या घटकेला समोरून पाहिलं होतं. तो माणूस पलीकडचा निघाला, याला त्यांचा इलाज नव्हता.

मुलगा थिएटरात ओरडला म्हणून त्याला रागावू नका. नववीतल्या पोराचं रक्त उसळणारच. आपला रणगाडा वाचावा असं त्याला वाटलं, ते बरोबरच आहे. मात्र मागून बोललेल्या त्या गृहस्थांशी मी सहमत नाही, आणि सव्वीस वर्षं गणवेश घातलेला माणूस म्हणून सांगतो. समोरच्याचा द्वेष केल्याशिवाय लढता येत नाही, हा समज लढाई न पाहिलेल्यांचा असतो. आम्हाला शिकवलं गेलं ते काम आणि शेजारचा माणूस. नासेरनीही आपलं काम केलं, आणि ज्याच्याशी लढलो तो शूर होता हे त्याच्या बापाला तोंडावर सांगितलं. ते सांगायला छाती लागते.

आणि ताई, सासूबाईंशी बोला. त्यांना काय पाहून रडू आलं हे मला वाटतं तुम्हीही ओळखलंय. भावाच्या पलटणीचं नाव, त्याचा नंबर घरात कुठं लिहिलेला असेल तर शोधा. मला मासिकाच्या पत्त्यावर कळवा. त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र कसं लिहायचं ते मी सांगतो, मजकूरही लिहून देतो. सोबतचे आज पंचाहत्तरी-ऐंशीचे असतील. एखादा असेलही. उशीर करू नका.

सर, आमच्या ग्रुपला पिक्चर स्लो वाटला. जोशच नाही आला. लढाईत असं संथ असतं का खरंच?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोपरी, ठाणे

असतं. सुरुंग शोधणारा सॅपर पोटावर झोपून सळईनं माती चाचपतो, सळई तिरकी धरून, बोटाच्या पेरापेराएवढं पुढे सरकत. रात्र असते आणि स्वतःचा श्वास ऐकू येतो. मोकळ्या केलेल्या वाटेला पांढरी पट्टी लावत जायचं. बसंतरला हेच चाललं होतं. इंजिनिअर्सचं काम निम्म्यावर होतं, तेवढ्यात नदीपलीकडच्या आपल्या पायदळावर शत्रूचे रणगाडे येत असल्याची खबर आली. खेत्रपालांच्या रणगाडा रेजिमेंटनं, पूना हॉर्सनं, उरलेल्या सुरुंगांतून रणगाडे पुढे घातले. त्या संथ कामाशिवाय पुढचा सगळा पराक्रम नदीअलीकडेच अडला असता. त्या कामगिरीत इंजिनिअर्सच्या मेजर विजय रतन चौधरींना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. तुमच्या ग्रुपमध्ये त्यांचं नाव कुणी ऐकलंय का, विचारून पाहा.

दुसरं. रणगाड्यात माणूस एकटा नसतो. खेत्रपालांचा होता तशा सेंच्युरियन रणगाड्यात चौघं असतात. रणगाडा पेटला असताना खेत्रपालांना वायरलेसवर तो सोडून यायला सांगितलं गेलं. तोफ अजून चालते आहे, म्हणून त्यांनी नकार दिला. आपण 21 वर्षांच्या त्या पोराला परमवीर म्हणून ओळखतो, आणि ते योग्यच आहे. पण वायरलेस सांभाळणारा सवार नंद सिंग त्याच रणगाड्यात गेला. मी ऐरोलीहून लोकलनं ठाण्याला जाऊन हा चित्रपट पाहिला, बरोबर तीन माजी सैनिक होते. पडद्यावरची नावं संपेपर्यंत आम्ही चौघं बसून राहिलो. झाडू घेऊन आलेला मुलगा दाराशी थांबला, आम्हाला उठवलं नाही त्यानं. त्याचे मी आभार मानले.

खेत्रपालांचा रणगाडा आता कुठे आहे? महाराष्ट्राशी त्यांचा काही संबंध होता का?
— एक वाचक, कळवा

जवळचा संबंध आहे. जन्म पुण्याचा, 14 ऑक्टोबर 1950. शिक्षण खडकवासल्याच्या एनडीएत, तिथल्या संचलन मैदानाला आज त्यांचं नाव आहे. जून 1971 मध्ये ते पूना हॉर्समध्ये अधिकारी झाले आणि युद्ध पेटलं तेव्हा नगरला रणगाड्यांचा कोर्स करत होते. तिथूनच बोलावणं आलं. एकूण नोकरी सहा महिन्यांची.

त्यांच्या रणगाड्याचं नाव 'फामागुस्ता'. पाकिस्तानच्या हाती लागलेला तो रणगाडा नंतर परत मिळाला. आता तो नगरच्या, म्हणजे अहिल्यानगरच्या, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे. तो लष्करी परिसर आहे, तेव्हा तिथं सहज जाता येईल असं धरून चालू नका. पण अहिल्यानगरलाच रणगाड्यांचं संग्रहालय आहे, ते सर्वांना बघता येतं. ठाण्याहून कल्याण, माळशेज घाट, आळेफाटा असा रस्ता आहे. वेळा आधी विचारून घ्या. मुलं बरोबर असतील तर त्यांना तोफेपाशीच थांबू देऊ नका. पुढं नेऊन चालकाच्या बसायच्या जागेचं झाकण दाखवा आणि एवढ्याशा तोंडातून आग लागल्यावर बाहेर कसं पडायचं, ते त्यांनाच विचारा.