प्रश्न नेमका कसा विचारावा? वाचकांच्या शंका आणि उत्तरे

प्रश्न : आमच्याकडे पाहुणे राहायला येतात. एकांना फोनवर 'तुम्ही शनिवारी का येणार आहात?' असा निरोप पाठवला, तर 'येऊ नये का?' असे रागाचे उत्तर आले. कुठे चुकले? (तारकर्ली)

उत्तर : 'का' चुकीच्या जागी पडला. हा शब्द दोन कामे करतो आणि कोणते काम करायचे ते त्याची जागा ठरवते. क्रियापदाच्या आधी आला तर तो कारण विचारतो, वाक्याच्या शेवटी आला तर हो किंवा नाही असे उत्तर मागतो. तुम्हाला विचारायचे होते, 'तुम्ही शनिवारी येणार आहात का?' पाहुण्यांनी वाचले, 'येण्याचे कारण काय?'

मालवणी बोलणाऱ्यांकडून ही चूक होण्याला कारण आहे. घरात आपण 'इलंस काय?' (आलास का?) आणि 'कित्याक इलंस?' (का आलास?) म्हणतो. दोन कामांना दोन वेगळे शब्द असल्यामुळे प्रमाण मराठी लिहिताना 'का'च्या जागेकडे लक्ष जात नाही. पण जागेचा हा नियम मालवणीतही आहे, फक्त तो 'काय'ला लागतो. 'जेवलंस काय?' याला उत्तर 'होय', 'काय जेवलंस?' याला उत्तर 'बांगड्याचं तिखलं'. म्हणजे कान तयारच आहे. निरोप पाठवण्याआधी वाक्य मालवणीत म्हणून पाहा. तिथे 'काय' शेवटी येत असेल, तर 'का'ही शेवटीच ठेवा.

पाहुण्यांना विचारताना आणखी दोन गोष्टी सांभाळा. 'तुम्ही मासे खात नाही का?' असे विचारू नका. त्यावर नुसते 'हो' आले, तर 'हो, खात नाही' की 'हो, खातो' हे कळत नाही, आणि सुरमई आणायची की नाही हे ऐन वेळी पुन्हा विचारावे लागते. 'मासे खाता का?' हा सरळ प्रश्न बरा. दुसरे म्हणजे, हेतू विचारायचा तर 'कशासाठी' वापरा. 'कशाला आलात?' यात येण्याची गरज नव्हती असा सूर लागतो, म्हणून परक्या माणसाशी तो शब्द टाळावा.

प्रश्न : 'कोणी' हे प्रश्नार्थक सर्वनाम की अनिश्चित? परीक्षेत दरवेळी गोंधळ होतो. (दहावीचा विद्यार्थी, देवगड)

उत्तर : दोन्ही, आणि म्हणून सुटा शब्द पाहून प्रकार सांगता येत नाही, पूर्ण वाक्य लागते. 'आंबे कोणी उतरवले?' इथे उतरवणाऱ्याचे नाव हवे आहे, म्हणून प्रश्नार्थक. यातला 'कोणी' हे 'कोण'चे तृतीयेचे रूप आहे. 'कोणी आंबे उतरवले का?' इथे माणूस कोणताही चालेल, म्हणून अनिश्चित. प्रश्न विचारण्याचे काम 'का' करतो. यातून एक सोपी कसोटी मिळते. वाक्याच्या शेवटी हो-नाहीचा 'का' असेल, तर आतला 'कोणी' अनिश्चित धरा.

हीच कसोटी 'कधी'लाही लावून पाहा. 'सिंधुदुर्ग किल्ला कधी पाहिलात?' म्हटले की दिवस किंवा वर्ष सांगावे लागते. 'सिंधुदुर्ग किल्ला कधी पाहिलात का?' म्हटले की 'नाही' एवढेही पुरते.

'कोणता' मात्र नामाच्या आधी आला की विशेषणाचे काम करतो आणि नामाप्रमाणे बदलतो: कोणता आंबा, कोणती पेटी, कोणते झाड. नामाला विभक्ती लागली की तिन्ही लिंगांत 'कोणत्या': कोणत्या आंब्याला, कोणत्या पेटीत, कोणत्या झाडाचा. 'कोणता झाडाचा आंबा' असे लिहिले की गुण जातात. 'किती' बदलत नाही, 'कितवा' बदलतो.

प्रश्न : 'लिलाव किती वाजता सुरू होतो ते विचारले' यापुढे प्रश्नचिन्ह द्यावे का? (हर्णै)

उत्तर : नाही. वाक्यात 'किती' असला तरी मुख्य क्रियापद 'विचारले' हे आहे आणि ते माहिती देते, म्हणून पूर्णविराम. 'लिलाव किती वाजता सुरू होतो ते सांगा' ही आज्ञा, तिथेही पूर्णविराम. 'लिलाव किती वाजता सुरू होतो ते माहीत आहे का?' इथे मुख्य वाक्यच प्रश्न विचारते, म्हणून प्रश्नचिन्ह. जुन्या मोडी कागदांत विरामचिन्हे नव्हती, तरी प्रश्न कळत असे, कारण तो शब्दांत आणि त्यांच्या जागेत असतो. वाक्यरचना चुकली तर चिन्ह देऊन ती सुधारत नाही.

प्रश्न : मुले वर्गाच्या दारात 'मी आत येऊ शकतो का?' म्हणतात. हे बरोबर आहे का? (शिक्षिका, गुहागर)

उत्तर : परवानगीसाठी नाही. 'शकणे' ताकद किंवा शक्यता सांगते: 'पाय मुरगळलाय, तू चालू शकतोस का?' दारात उभ्या असलेल्या मुलाला आत येण्याची ताकद आहेच, त्याला हवी आहे परवानगी. तिच्यासाठी प्रथमपुरुषी आज्ञार्थाला 'का' जोडला की पुरे: 'मी आत येऊ का?' निरोप घेताना आपण 'बरं, येऊ का?' म्हणतो, तेही हेच रूप. मुलांकडून ते पाठ करून घेण्यापेक्षा 'पाणी पिऊ का?', 'फळा पुसू का?' अशी चार-पाच वाक्ये रोजच्या कामात म्हणवून घ्या.